चाक एकसंध असल्याचा ठराव

“पोरी, तू लांब उभी राहा. हे तुझं काम नव्हे.”

आवाज एका बस ड्रायव्हरचा होता. बस माळावर थांबलेली, चाक बसलेलं, उतारू झाडाखाली गेलेले. आणि त्या सगळ्यांत एकच पोर अशी, की जिला सावली नको होती, चाक पाहायचं होतं. ड्रायव्हर रागावला नव्हता. मायेनंच म्हणाला, आणि तिथंच पंचाईत झाली. रागाला उलटून बोलता येतं; मायेला काय बोलणार? पोर लांब उभी राहिली. मग तिला लांब उभं राहायची सवयच जडली. घरातला फ्यूज उडाला की ती लांब. गॅसची टाकी बदलायची की ती लांब. शाळेत पंखा बसवायला शिडी आली की वर्गातल्या सगळ्या मुलींना घेऊन ती लांब. स्वतःचं लग्न ठरत होतं तेव्हाही ती त्या बोलण्यापासून जराशी लांबच होती, असं म्हणतात.

मधलं सगळं सोडून देऊ. मधल्या काळात तिनं किती झबली शिवली आणि किती मुलींना काज-बटण शिकवलं हे सांगत बसलं, तर ट्रक आवारात यायला संध्याकाळ होईल. एवढंच सांगतो, की त्या पोरीच्या आता वहिनी झाल्या आहेत, अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणते, आणि शिवणाच्या शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर वहिनींनी लष्करानं मोडीत काढलेला एक ट्रक लिलावात विकत घेतला.

ट्रक आला तो नाक पुढं काढून, कपाळाला आठ्या घालून. दोन दिवसांसाठी येऊन घरजावई होणार, हे ज्याच्या चेहऱ्यावर दारातच वाचता येतं अशा पाहुण्यासारखा तो आवारात शिरला आणि मागच्या भिंतीला पाठ लावून बसला. अंगावर मातीचे, गंजाचे, जुन्या रंगाचे इतके डाग की मूळ ट्रक कुठला आणि डाग कुठले ते कळेना. इमारतीतले लोक खाली आले. ट्रकभोवती एक फेरी मारून प्रत्येकानं वहिनींना विचारलं, की हा कशासाठी.

वहिनींनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. तळमजल्याला सांगितलं, फिरतं शिवणकाम काढायचंय. दुसऱ्या मजल्याला सांगितलं, डोंगरात जाऊन राहायचंय. तिसऱ्या मजल्यावरच्यांना विचारायची फार घाई होती, त्यांना सांगितलं की युद्ध झालंच तर आपला असावा. खरं कारण, आवडला म्हणून. पण या वयात बाईमाणसाला एखादी गोष्ट नुसती आवडू शकते हे लोकांना पटवायचं म्हणजे ट्रक ढकलत चढावर नेण्यापैकी. अवजड वाहनाचा परवाना काढायला गेल्या तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं “अर्जदार कुठं आहेत?” असं त्यांनाच विचारलं होतं. परवाना निघाला. कारकून अजून त्यांच्या मागं बघतोय म्हणतात, कुणी पुरुष येतोय का ते.

आता भाऊ. भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. भूमापन कचेरीत नकाशांच्या नकला काढण्यात त्यांची नोकरी संपली. नक्कल करणाऱ्याला स्वतःची रेघ मारायची नसते. तसंच पुढं सगळ्याच बाबतीत झालं. भाऊंनी आयुष्यात ठाम असं मत एकदाच दिलं होतं, ते पावसाळी चपलांबद्दल, आणि तेही दुकानदारानं डोळे मोठे केल्यावर मागं घेतलं होतं. ट्रक आला तेव्हा ते गॅलरीत उभे राहून बराच वेळ बघत होते. वहिनी वाट पाहत होत्या. एक शब्द यावा, मग तो वाकडा का असेना. भाऊंनी चष्मा पुसला आणि आत गेले. वहिनींना वाटलं, सबंध इमारतीनं केलेला विरोध एका बाजूला आणि हे चष्मा पुसणं एका बाजूला. विरोधाशी भांडता येतं.

इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी हे पंधरा माणसांत उभे राहिले तरी सूचनाफलकावर टाचण्या लावून उभे असल्यासारखे दिसत. बोलतही तसेच. “सर्व संबंधितांस कळावे” हे त्यांचं घरातही सुरू होई, असा त्यांच्या शेजाऱ्यांचा दावा होता. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फलकावर लावलं, की आवारात एक विद्रूप वाहन उभं असून त्यामुळं रहिवाशांच्या सौंदर्यदृष्टीस बाधा येत आहे. वहिनींनी त्या कागदाखाली पेन्सिलीनं लिहिलं, “कोणाच्या?” आणि बहिणीच्या घरी काही दिवस राहायला निघून गेल्या.

परत येऊन पाहतात तो काय, ट्रकची चाकं हिरवीगार. अशी तुकतुकीत, की त्यात तोंड दिसावं. नट, कडेच्या लोखंडी पाळ्या, चाकाचा मधला फुगीर भाग, रंगातून काही सुटलेलं नव्हतं. जिन्यात सेक्रेटरी भेटले. वहिनींनी विचारलं, की हे कुणी केलं. सेक्रेटरींनी भिंतीकडं बघत सांगितलं, की सोसायटी सौंदर्यीकरणाच्या बाबतीत नेहमीच आग्रही राहिली आहे. ज्या कामाचा कुणी धनी दिसत नाही ते आपलं समजायचं, हा सार्वजनिक कामातल्या माणसाचा स्वभावच असतो; संध्याकाळी ते फलकावरही सहीनिशी लागलं. वहिनींनी आभार मानले नाहीत. दुसऱ्याच्या चाकाला हात लावताना विचारायची पद्धत असते, असं त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. भाऊ तेव्हा दारातच होते. त्यांनी ऐकलं, आणि वाट मोकळी करून दिली.

मग फलकावर रविवारची मुदत आली. रविवारी सकाळपर्यंत ट्रक आपल्या चाकांवर आवाराबाहेर जावा, नाहीतर क्रेन बोलावून भंगारवाल्याकडं पाठवण्यात येईल. वहिनींनी गावाबाहेर लाकडाच्या वखारीत जागा ठरवून ठेवली होती. पण वखारीपर्यंत जायचं तर रस्त्यावर यायला हवं. रस्त्यावर यायचं तर तपासणीचा शिक्का हवा. आणि शिक्का द्यायला जो निरीक्षक आला, त्यानं पुढच्या डाव्या चाकापाशी बसून मान हलवली. टायरच्या कुशीला एक फुगवटा आला होता, गळू आल्यासारखा. टायर बदला, मग शिक्का, असं त्यानं सांगितलं. उठता उठता हेही विचारलं, की हे चाक एकसंध आहे की तुकड्यांचं? लष्कराची काही चाकं तुकड्यांची असतात. ती हवा असताना चुकीच्या जागी खोलली तर तोफेसारखी उडतात. वहिनींनी विचारलं, मग हे कुठलं? निरीक्षक म्हणाला, ते सांगणं त्याच्या कामात येत नाही. विचारणं येतं.

आणि गेला.

नवा टायर आणि ट्यूब आणून वहिनींनी ट्रकच्या मागच्या भागात ठेवली आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. हा माणूस आपल्या धंद्यातला पंडित होता आणि ते तो लपवत नसे. चाकापुढं उभा राहून त्यानं व्याख्यान दिलं. मालट्रकच्या चाकाला कडेनं कापलेली पोलादी रिंग असते, ती उडाली की डोकं धडावर राहत नाही, अशा किती रिंगा त्यानं नुसत्या आवाजावरून ओळखल्या आहेत, वगैरे. या चाकाला तशी रिंग नव्हती. रिंग नाही, म्हणजे तुकडे नाहीत, म्हणजे चाक एकसंध, विषय संपला.

चाकावर नटांची दोन कडी होती, एकात एक. आतलं कडं लहान, बाहेरचं मोठं. पंक्चरवाल्यानं आतल्या नटाला पाना लावला. हलेना. पान्याला लांब पाइप जोडला. हलेना. मग चौथ्या मजल्यावरचे सुभेदार आले. सुभेदार लष्करात होते हे सगळ्यांना माहीत होतं. लष्करात नक्की कुठं होते हे कुणालाच माहीत नव्हतं. एकदा भाजी आणताना कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी सीमेकडं बोट केलं होतं. ते पाइपवर लोंबकळले. पंक्चरवाला त्यांच्यावर लोंबकळला. नट हललाच नाही. उलट चाकानं कण्हल्यासारखा आवाज केला. पंक्चरवाल्यानं घाम पुसून निकाल दिला, की आतले नट नुसते शोभेचे आहेत, कारखान्यातच वेल्डिंग केलेले. चाक बाहेरच्या नटांवर आहे. बाहेरचे खोलायचे.

त्यानं पाना बाहेरच्या नटावर ठेवला आणि वहिनींनी तो उचलून घेतला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “आधी मला बघू दे कुठली शिवण कशाची आहे.”

वहिनींनी जुनं पोतं आणलं, ते ट्रकखाली पसरलं, आणि सबंध इमारतीच्या देखत त्या ट्रकखाली गेल्या. वरून नुसती पावलं दिसत होती. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, की डॉक्टरांना बोलवायचं का. वहिनी खालून हातानं चाकाची पाठ चाचपत होत्या. डोळ्यांना फसवता येतं. कापडाच्या उलट्या बाजूनं बोट फिरवलं की टीप कुठून आली आणि कुठं गेली ते कळतं. आतल्या नटांचे बोल्ट चाकातून निघून गाडीच्या आसात शिरत होते. बाहेरच्या नटांच्या बोल्टची डोकी मात्र मागच्या बाजूला चाकाच्याच अंगावर होती. ते गाडीला धरतच नव्हते. ते चाकाचीच पुढची पाळी चाकाच्या मागच्या पाळीला धरून होते.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत ग्रीस होतं आणि चेहऱ्यावर असा आनंद, की काकूंनी पुन्हा डॉक्टरांचं नाव काढलं.

पण पाना काढून घेतल्याचा पंक्चरवाल्याला अपमान वाटला. त्यानं तो सुभेदारांना सांगितला. सुभेदारांनी सेक्रेटरींना सांगितला. आणि सेक्रेटरींनी तेच केलं जे सोसायटीचा माणूस कुठल्याही गोष्टीचं करतो: सभा बोलावली.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. विषय एक, ट्रकच्या पुढील डाव्या चाकाचा प्रकार निश्चित करणे. जगात अनेक विद्वान सभा झाल्या असतील. पण लोखंड एका तुकड्याचं आहे की दोन, हे हात वर करून ठरवणारी ही पहिलीच असावी. वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी शाळेत सांगत तसं सावकाश सांगितलं, की आतले नट चाकाला गाडीशी शिवतात आणि बाहेरचे नट चाकाच्या दोन पाळ्यांना एकमेकींशी शिवतात. मध्ये हवा गच्च भरली आहे. गच्च भरलेल्या उशीची शिवण उसवली तर कापूस नुसता बाहेर येतो. इथं लोखंडाची पाळी उडेल, आणि ती कुणाला विचारून उडणार नाही. आधी सगळी हवा काढू द्या, मग आतले नट, मग चाक जमिनीवर आडवं, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचे.

लोकांनी शांतपणे ऐकलं. शिवणाच्या बाई चांगलं बोलतात, असं मागं कुणीतरी म्हणालं. मग सुभेदार उठले. लष्करात धोक्याच्या नटाला लाल रंग दिलेला असतो, ते म्हणाले, नवख्या जवानालाही हे माहीत असतं. लाल म्हणजे हात लावू नका. इथं एकही नट लाल नाही. सगळे हिरवे.

हे ऐकून सभेला हायसं वाटलं. चाचपून मिळालेल्या ज्ञानापेक्षा रंगानं मिळालेलं ज्ञान केव्हाही स्वच्छ. पंक्चरवाल्याला पाहुणा तज्ज्ञ म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यानं बरेच वापरले. वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर भाऊ होते. ते स्वतःच्या नखांकडं बघत होते, एकेका नखाकडं, जणू त्यांवर काहीतरी लिहिलेलं असावं.

मतदान झालं. चाक एकसंध आहे, असं म्हणणारे हात वर गेले; बायकांचे, पुरुषांचे, एक हात तर गॅलरीतून गेला. विरोधात एक हात, वहिनींचा. सेक्रेटरींनी भाऊंकडं पाहिलं. भाऊंचा हात गुडघ्यावरून थोडा उचलला गेला, चष्म्यापर्यंत आला, चष्मा सरळ केला आणि परत गुडघ्यावर गेला.

“एक तटस्थ,” सेक्रेटरींनी नोंदवलं.

वहिनींना चाकाचं वाईट वाटलं नाही. ठराव झाला म्हणून लोखंड थोडंच ऐकतं. पण ‘तटस्थ’ हा शब्द घेऊन त्या जिना चढल्या, आणि प्रत्येक पायरीवर तो थोडा थोडा जड होत गेला. घरी गेल्यावर भाऊंना चहा मिळाला. बशी मिळाली नाही. भाऊंनी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांनी साखर मागितली. दुसऱ्यांदा मिटून घेतलं.

रविवारी सकाळी क्रेन आली. तिनं आवाराच्या फाटकात तोंड घातलं, आणि क्रेनवाला पाय वर टाकून बसला. आज पगारी करमणूक आहे हे त्याला एव्हाना कळलं होतं. सेक्रेटरी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होते. पंक्चरवाल्यानं चाक जॅकवर उचललं, खाली ठोकळे दिले आणि मोठेपणानं म्हणाला, की वहिनींच्या समाधानासाठी आपण हवासुद्धा काढतो. त्यानं व्हॉल्व्हची पिन फिरवून बाहेर काढली. सगळ्यांनी कान दिले.

काही नाही. फुस्सही नाही.

“रिकामं आहे,” पंक्चरवाला म्हणाला. “उगाच सभा घेतली.”

लोक हसले. त्यानं बाहेरच्या नटावर पाना चढवला, पान्यावर पाइप. तेवढ्यात वहिनी पुढं झाल्या. त्यांनी पोतं अंथरलं, ते बरोबर चाकासमोर, आणि चाकाकडं पाठ करून मांडी घालून त्यावर बसल्या.

“खोला,” त्या म्हणाल्या.

पंक्चरवाला म्हणाला, वहिनी, जरा बाजूला व्हा. वहिनी म्हणाल्या, की बाजूला कशाला? चाक एकसंध आहे. ठराव आहे तसा. एकसंध चाकासमोर बसलं तर होतंय काय? आणि मग त्यांनी आवाज चढवला. मोठा केला नाही, शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढाच.

“काल ज्यांनी ज्यांनी हात वर केला, त्यांनी इथं माझ्या शेजारी येऊन बसा. पोतं मोठं आहे. मग पाना फिरवा.”

आवारात एकदम बरीच कामं निघाली. काकूंचं दूध गॅसवर होतं. दुसऱ्या मजल्याला फोन आला. सुभेदारांना गोळी घ्यायची आठवण झाली, आणि ती गोळी चौथ्या मजल्यावर, म्हणजे चाकापासून इमारतीत मिळू शकणाऱ्या सर्वांत लांबच्या ठिकाणी होती. सेक्रेटरी म्हणाले, की पदाधिकाऱ्यानं असं एका बाजूला बसणं नियमांत बसत नाही. पंक्चरवाल्यानं पाइपवरचा हात काढून पँटला पुसला. त्याला घरी बायको होती, आणि ठरावावर त्याची सही नव्हती.

तेव्हा भाऊ आले. जिन्यातून उतरले, कालच्या खुर्च्यांमधून वाट काढत आले. वहिनींना वाटलं, आपल्याला उठवायला आले. चल, लोक बघतायत, असं म्हणतील. त्यांनी हनुवटी वर केली. आज यांनी हात धरला तर झटकायचा, मग पुढं काय व्हायचं ते होवो. भाऊंनी चपला काढल्या. गुडघा दुखत होता म्हणून एक हात जमिनीला टेकला, आणि हळूहळू, कळ जिरवत, पोत्यावर वहिनींच्या शेजारी बसले. त्यांचा खांदा वहिनींच्या खांद्याला लागला होता.

वहिनींनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग शांतपणे पिशवीतून दाभण काढला, गादीला टाके घालतात तो.

“अहो, थोडे सरका,” त्या म्हणाल्या. “व्हॉल्व्हच्या समोर नको.”

भाऊ सरकले. सेक्रेटरी मात्र, हा काय प्रकार आहे ते नियमात बघण्यासाठी, नेमके व्हॉल्व्हच्या समोर वाकले. वहिनींनी चाकाकडं वळून, बाजूनं हात घालून दाभण व्हॉल्व्हच्या नळीत सरकवला. आत काहीतरी घट्ट होतं. वर्षानुवर्षांची माती आणि गंज दगडासारखा बसलेला. त्यांनी दाभण फिरवला, रेटला, आणि झटकन काढून घेतला.

मग चाक बोललं.

आधी मातीचा बोळा सुटला आणि त्याच्यामागून कोंडलेली हवा, अशी, की वरच्या मजल्यावरचे कपडे दोरीवर उलटे झाले. सुभेदार जिन्याच्या पहिल्याच पायरीवर पालथे पडले, आणि हे एक काम त्यांनी खऱ्या सैनिकाच्या चपळाईनं केलं हे मान्य करायला हवं. क्रेनवाल्यानं पाय खाली घेतले. हवा जात राहिली, जात राहिली. रिकामं चाक इतका वेळ रिकामं होत होतं की ऐकणाऱ्यांना हळूहळू लाज वाटू लागली. शेवटी ती थकून थांबली तेव्हा सेक्रेटरींच्या पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत लाल मातीचा असा काही नकाशा उमटला होता, की भाऊंनी नोकरीत असताना त्याची नक्कल काढली असती.

कुणी हसलं नाही. बाहेरचा नट आधी फिरला असता तर, हे वाक्य प्रत्येकाच्या मनात अर्धं येऊन थांबलं होतं.

वहिनी उठल्या. बाह्या सरसावल्या. पंक्चरवाल्याला म्हणाल्या, आतल्या नटाला पाना लाव. त्यानं लावला आणि परवासारखाच लोंबकळला. नट ढिम्म. वहिनी बघत राहिल्या आणि त्यांना वर्गातली एक डावखुरी मुलगी आठवली. तिच्या हातात कात्री कापतच नसे. बाकीच्या शिक्षिकांनी तिला आळशी ठरवलं होतं, आणि दोष कात्रीचा होता.

“ही गाडीची डावी बाजू आहे,” त्या म्हणाल्या. “आटेही डावखुरे असतील. उलटं फिरव.”

उलटं म्हणजे कसं, उलट्यानं नट आवळतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, अशी त्यानं कुरकुर केली, आणि फिरवलं. नट कर्रर्र करत लोण्यासारखा सुटला. परवा दोन माणसांनी लोंबकळून तो चांगला आवळून ठेवला होता एवढंच. एकामागून एक आतले नट आले. चाक गाडीवरून उतरलं, आडवं पडलं. आता वहिनींनी पाना स्वतःच्या हातात घेतला. कुणी लांब उभं राहा म्हणालं नाही; सगळे स्वतःच लांब उभे होते.

बाहेरच्या पहिल्या नटावर पाना घट्ट बसला, सरकला, आणि हिरव्या रंगाची खपली उडाली. खाली लाल.

वहिनींनी दुसरा धरला. खपली उडाली. लाल. तिसराही. हिरव्या पापुद्र्याखाली ते सगळं कडं लालभडक होतं, डाळिंब फोडावं तसं. शेवटचा नट निघाला, वहिनींनी पहार घालून जरा दाबलं, आणि लोकशाहीनं एकसंध ठरवलेलं ते चाक मधोमध उकललं. दोन पाळ्या दोन बाजूंना. मधून टायर असा निघाला जसा अभ्र्यातून उशी.

सुभेदार धूळ झटकत आले आणि लाल नटाकडं बोट करून म्हणाले, बघा, मी म्हणत होतो की लाल असतात. मग त्यांनी विचारलं, की या इशाऱ्यावर हिरवा रंग फासणारा गाढव कोण. सगळ्या माना सेक्रेटरींकडं वळल्या. सौंदर्यीकरण ही सोसायटीची कामगिरी, हे फलकावर त्यांच्याच सहीनं लागलं होतं.

सेक्रेटरींनी शर्टावरची माती झटकायचा प्रयत्न केला, ती पसरली. सौंदर्यीकरणामागची प्रेरणा सोसायटीची होती, ते म्हणाले, प्रत्यक्ष ब्रश कुणाचा हे तपासावं लागेल. पण माणूस पदावर उगाच टिकत नाही. पुढच्याच वाक्यात त्यांना पाय टेकायला जागा मिळाली. ज्या वाहनावरचे धोक्याचे इशारे अज्ञात व्यक्तीनं पुसले आहेत, आणि ज्याची जबाबदारी घ्यायला कुणी पुढं येत नाही, ते वाहन सर्व रहिवाशांच्या जिवाला धोका आहे. सबब ते आत्ताच्या आत्ता उचलण्यात यावं. त्यांनी क्रेनवाल्याला हात केला. साखळी खणखणत खाली येऊ लागली. नवा टायर अजून ट्रकातच होता, चाक उघडं पडलं होतं, ट्रक तीन पायांवर उभा होता. वहिनी साखळी आणि ट्रकच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. हातात पाना होता आणि तो त्यांनी खाली ठेवला नव्हता.

“नट लाल होते.”

आवाज इतका हळू होता की तो कुठून आला ते लोकांना आधी कळेना. भाऊ अजून पोत्यावरच बसले होते. एकट्याला उठता येत नव्हतं.

“मी रंगवले,” भाऊ म्हणाले. “ही बहिणीकडं गेली होती तेव्हा. विद्रूप म्हणाला होतात ना तुम्ही. मला ते वाचून राहवलं नाही. लाल नट हिरव्यात बरे दिसत नव्हते, म्हणून तेही रंगवले. नीट, दोन हात दिले.”

“मग काल सभेत का नाही बोललात?” सुभेदारांनी विचारलं. “मी लाल लाल करत होतो तेव्हा?”

“बोललो असतो तर मी ट्रकच्या बाजूचा आहे हे सगळ्यांना कळलं असतं.” भाऊंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “चारचौघांत तसं म्हणण्यापेक्षा आज इथं येऊन बसणं सोपं वाटलं.”

साखळी हवेत लोंबत राहिली. वहिनी भाऊंपाशी आल्या. रागवावं असं खूप होतं, आणि त्या पुढं रागावणारही होत्या, सवडीनं, पोटभर. आता त्यांनी पाना काखेत मारला आणि हात पुढं केला. भाऊ तो धरून उठले. गुडघे वाजले. मग ते सेक्रेटरींकडं वळले, आणि पावसाळी चपलांनंतर प्रथमच त्यांचा आवाज जागेवर राहिला.

“जबाबदारी माझी, लिहून घ्या. आणि ती क्रेन परत पाठवा. ट्रक आमचा आहे, चाक चढलं की आम्ही घेऊन जातो.”

वहिनींचा हात त्यांनी सोडला नव्हता. त्यांच्याकडं न बघता, ट्रकच्या उंच पुढच्या दाराकडं बघत ते म्हणाले,

“अगं, पहिल्या दिवसापासून आवडतो मला हा. मला पुढं बसायचंय. तुझ्या शेजारी.”